धाकलूचा परवाना

घाटमाथ्यावरच्या एका वाडीत धाकलू गावडे नावाचा भोळा गुराखी राहत होता. पुढे तो समुद्रापलीकडच्या एका थंड देशात कामाला गेला आणि तिथल्या एका गावातला भोळा गुराखी झाला. गाव बदललं. बाकी फारसं काही बदललं नाही.

बातमी आली तो दिवस इतर दिवसांसारखाच होता. सकाळचं दूध काढून झालं होतं. तिथे दूध यंत्र काढतं. धाकलूचं काम यंत्राच्या नळ्या धुवायचं आणि गाईंशी बोलायचं. बोलायचं काम त्याला कोणी दिलं नव्हतं, पण तो आजारी पडला की गोठ्यात दूध कमी यायचं, म्हणून मालकाने ते कामातच धरलं होतं. धाकलू मराठीत बोलायचा. तिथल्या गाईंना मराठी येत नव्हती. त्या ऐकून घ्यायच्या.

फोन वाजला. वाडीवरून बहीण बोलत होती, भागू. वाडीत रेंज मिळत नाही, त्यासाठी टेकाडावर चढावं लागतं, म्हणून भागू नेहमी धापा टाकत बोलायची. त्या दिवशीही ती तशीच बोलली. म्हणाली, आई आता म्हशीचं दूध काढत नाही. म्हशीपाशी जाते आणि नुसती बसून राहते. कुत्रं भुंकलं की दाराकडे बघते.

"अजून माणसं ओळखते," भागू म्हणाली. "शिमग्याला ये. पुढचं मी काही सांगू शकत नाही."

"येतो," धाकलू म्हणाला, आणि उरलेल्या नळ्या धुतल्या.

इथे एक सांगायला हवं. धाकलूच्या घरात निघताना कोणी 'जातो' म्हणत नसे. तसं तुमच्या-आमच्या घरातही म्हणत नाहीत, पण आपण कधी घाईत चुकतो. धाकलूच्या आईकडे चूक चालत नसे. धाकलू परदेशी निघाला तेव्हा गडबडीत त्याच्या तोंडून 'जा' एवढं अक्षर निघालं होतं. आईने त्याला अंगणातून परत बोलावलं, पाटावर बसवलं, पाणी पाजलं आणि पुन्हा निघायला लावलं. तेव्हापासून धाकलू कुठूनही निघताना 'येतो'च म्हणायचा. परदेशात तो त्यांच्या भाषेत म्हणायचा, पण म्हणायचा तेच. त्यामुळे त्या गावात घोटाळे होत. 'येतो' ऐकून लोक त्याच्यासाठी दार उघडं धरून उभे राहत आणि धाकलू पाठ फिरवून चालू लागे.

आता आईला भेटायला जायचं म्हणजे आधी परवाना. धाकलूच्या कामाच्या परवान्याची मुदत संपत आली होती. तो वाढवून न घेता देश सोडला तर परत येता येत नव्हतं, आणि वाडीतली चूल धाकलूच्या पगारावर पेटत होती. मागे बाप वारला तेव्हा असाच एक अर्ज कचेरीत होता. अर्ज चालू असताना देश सोडला तर अर्ज रद्द, असा नियम होता. धाकलूने नियम पाळला. त्याबद्दल तो नंतर कोणाशी बोलला नाही. गाईंशीही नाही.

त्याच गोठ्यावर सावंतवाडीकडचा सोनू राऊळ बॉयलर सांभाळायला होता. दोघं एका खोलीत राहत. सोनूदादा नियमांत मुरलेला माणूस. त्याला तिथलं नागरिकत्व हवं होतं. त्यासाठी तो परीक्षेला बसायचा. त्या देशातल्या नद्या, राजे आणि लढाया त्याला क्रमाने पाठ होत्या. तो दोनदा नापास झाला होता. एकदा परीक्षकाने एका लढाईची तारीख चुकीची सांगितली म्हणून सोनूदादाने वाद घातला. दुसऱ्यांदा तोच परीक्षक होता.

"परवान्याचं काही अवघड नाही," सोनूदादा म्हणाला. "फक्त वागायचं कसं ते कळलं पाहिजे. इथे धक्काबुक्की चालत नाही. पुढे घुसायचं नाही. दुसऱ्याला आधी जाऊ द्यायचं. समजलं?"

"समजलं दादा. तसंच करीन."

धाकलूचा एक गुण होता. तो दिलेला शब्द मोडत नसे.

दुसऱ्या दिवशी धाकलू शहरातल्या परवाना कचेरीत गेला. दारात एक यंत्र होतं, ते नंबराची चिठ्ठी देत होतं. धाकलूने चिठ्ठी घेतली. मागून एक म्हातारा आला. धाकलूने आपली चिठ्ठी त्याला दिली आणि त्याची घेतली. मग एक बाई तान्हं मूल घेऊन आली. तिला दिली. मग एक जोडपं आलं, मग एक घाईतला माणूस, मग एक अजिबात घाई नसलेला माणूस. धाकलूने सगळ्यांना आधी जाऊ दिलं. लोक खूश झाले. काहींनी त्याच्याशी हात मिळवले, त्याचं नाव विचारलं. म्हातारा काम आटोपून निघताना मुद्दाम त्याच्यापाशी आला आणि म्हणाला की या कचेरीत असा माणूस त्याने पाहिला नव्हता.

संध्याकाळी धाकलूच्या हातात शेवटची चिठ्ठी उरली आणि खिडकी बंद झाली. रखवालदाराने त्याला बाहेरची वाट दाखवली. "येतो," धाकलू म्हणाला आणि वळला. रखवालदार दार धरून उभा राहिला. आत बराच वेळ थंड वारा येत होता.

सोनूदादाने कपाळाला हात लावला. "अरे मेल्या, शेवटपर्यंत लोकांना पुढे सोडत बसलास? थोडी माणुसकी दाखवायची आणि मग आपलं बघायचं. जागा रिकामी दिसली की आधी ती धरायची. कोणाला विचारत बसायचं नाही."

"बरं दादा. पुढच्या वेळी तसंच करीन."

पुढच्या वेळी कचेरीत जायचं नव्हतं. अर्जासोबत डॉक्टरचा दाखला लागत होता, म्हणून धाकलू आधी डॉक्टरकडे गेला. बाहेरच्या खोलीत सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. डॉक्टर हात धुवायला गेले होते. आत टेबलामागे एक चांगली, गादीची खुर्ची रिकामी होती. धाकलूने ती धरली. कोणाला विचारलं नाही.

एवढ्यात कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानाची मालकीण आत आली. म्हातारी होती, तिला नीट दिसत नव्हतं. ती समोर बसली आणि आपलं दुखणं सांगू लागली. पोट जड वाटतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही. धाकलूने ऐकून घेतलं. ऐकून घ्यायला तो गाईंकडून शिकला होता. मग त्याने उठून तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, पाठीवर हात ठेवून श्वास पाहिला, कानाला हात लावून ताप पाहिला.

"कोरडा चारा फार होतो," तो म्हणाला. "ओलं खा. पाणी जास्त प्या. सकाळी मोकळ्यावर चरायला जा, एकाच जागी बांधून घेऊ नका."

म्हातारी विचारात पडली. दुकान सुरू केल्यापासून ती पावच खात होती, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने धाकलूचे आभार मानले आणि ती गेली. जाताना दारात डॉक्टर भेटले, त्यांना तिने सांगितलं की नवे डॉक्टर फार चांगले आहेत.

डॉक्टरांनी धाकलूला खुर्चीतून उठवलं. त्याला लवकर बाहेर काढायचं म्हणून त्यांनी न तपासताच दाखल्यावर 'प्रकृती उत्तम' असं लिहून दिलं.

"दाखला मिळाला, हे नशीब," सोनूदादा म्हणाला. "पण डॉक्टरच्या खोलीत आपण कशाला बोलायचं? मोठ्या माणसांपुढे विचारतील तेवढंच उत्तर द्यायचं. विचारलं नाही तर तोंड उघडायचं नाही."

"बरं दादा. पुढच्या वेळी तसंच करीन."

आता मालकाचं पत्र हवं होतं, की हा माणूस आमच्याकडे कामाला आहे आणि आम्हाला हवा आहे. मालक सकाळी गोठ्यावर आला. मोठा माणूस, बोलायला बरा. कठड्यावर कागद ठेवून त्याने खिशातून पेन काढलं.

"काय धाकलू, थंडी आहे का?" त्याने विचारलं.

"आहे."

"चहा झाला?"

"झाला."

"घरी सगळं ठीक?"

धाकलू जरा थांबला. "आई म्हशीपाशी बसते," तो म्हणाला.

मालकाला वाटलं, चांगलं आहे, म्हातारपणी विरंगुळा असतो. तो हसला, आणि मग इकडेतिकडे बघू लागला. गोठ्यात फार शांत होतं.

"धाकलू, गाई कुठे आहेत?"

"गावात."

"गावात कुठे?"

"अध्यक्षांच्या बागेत."

"कधीपासून?"

"तुम्ही आलात तेव्हा फाटक उघडं ठेवलंत, तेव्हापासून."

"अरे, मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलं नाहीत."

मालकाने पेन परत खिशात घातलं.

त्या गावचे अध्यक्ष म्हणजे आपल्याकडचे सरपंच म्हणा. त्यांच्या बायकोची गुलाबाची बाग होती. गाई तिच्यात उभ्या होत्या आणि निघायला तयार नव्हत्या. मालकाने हाका मारल्या. अध्यक्षांनी हाका मारल्या. पोलीस आला, त्यानेही मारल्या. मग धाकलू आला आणि वाडीत मारतात तशी हाक त्याने मारली. त्या हाकेला अर्थ नाही, ती लिहूनही दाखवता येत नाही. सगळ्यात पुढची गाय वळली. तिच्यामागे बाकीच्या वळल्या. भर बाजारातून एका ओळीत त्या गोठ्याकडे निघाल्या, आणि लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत राहिले. धाकलू सर्वांत मागे होता. गुराखी मागे चालतो. पुढे चालणारा गुराखी नसतो, तो पाहुणा असतो, असं त्याचा बाप म्हणायचा.

मालकाने दुसऱ्या दिवशी पत्र दिलं. या माणसाशिवाय आमच्या गाई घरी येत नाहीत, असं त्याने त्यात लिहिलं. एवढं खरं पत्र त्या कचेरीत क्वचितच गेलं असेल.

सोनूदादाला मात्र ते पुरलं नाही. "चूक होताना दिसली तर सांगायची रे. कोणी विचारायची वाट बघायची नाही. लगेच सांगायची, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी."

"बरं दादा. पुढच्या वेळी तसंच करीन."

भागूचा परत फोन आला. आईने तिला एकदा तिच्या मावशीच्या नावाने हाक मारली होती. मग स्वतःच हसून 'भागू' अशी बरोबर हाक मारली होती. "तू ये," भागू म्हणाली. "मी तिला सांगितलंय." धाकलू म्हणाला, सगळे कागद जमले आहेत, आता फक्त खिडकीत द्यायचे.

परवाना उद्या संपणार, अशा दिवशी धाकलू कचेरीत गेला. त्याने चिठ्ठी घेतली आणि कोणाला दिली नाही. कोणत्याही रिकाम्या खुर्चीत तो बसला नाही. सोनूदादाने पाहिलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. एकेक नंबर पुकारला जात होता. शेवटी धाकलूच्या पुढे एकच माणूस उरला, आणि धाकलूच्या मागे बरीच माणसं. खिडकीवरच्या भिंतीवर घड्याळ होतं. धाकलूने ते पाहिलं, मग आपल्या मनगटावरचं पाहिलं. भिंतीवरचं मागे होतं.

ही चूक होती. कोणी विचारलं नव्हतं. धाकलू उभा राहिला.

"तुमचं घड्याळ मागे आहे," तो मोठ्याने म्हणाला. सगळ्यांना ऐकू गेलं. "कचेरी बंद व्हायची वेळ होऊन गेली."

खिडकीतल्या बाईंनी वर पाहिलं, आपलं घड्याळ पाहिलं, त्याचे आभार मानले आणि खिडकी बंद केली. बाकीच्या खिडक्याही बंद झाल्या. तो देश वेळेचा फार पक्का आहे. रांगेतल्या माणसांनी धाकलूकडे पाहिलं. कोणी काही बोललं नाही. त्या देशातले लोक रागावले की बोलत नाहीत, आणि बाहेरून आलेलेही ते लवकर शिकतात.

आवाज ऐकून आतल्या खोलीतून मोठे साहेब बाहेर आले होते. त्यांनी दारातून सगळं पाहिलं. त्यांनी बाईंना विचारलं की हा माणूस कोण. धाकलूच्या हातातले कागद बघून बाई म्हणाल्या, याचा परवाना उद्या संपतो आणि पुढचा नंबर याचाच होता.

"याचाच?" साहेबांनी विचारलं. मग ते बराच वेळ धाकलूकडे बघत राहिले.

"येतो," धाकलू म्हणाला आणि गेला.

खोलीवर सोनूदादा भात ढवळायचा थांबला. "घड्याळ मागे होतं म्हणून आपल्याला वेळ मिळत होता रे," तो हळू आवाजात म्हणाला. तो रागावण्याच्या पुढे गेला होता. "साहेबलोकांना त्यांच्या चुका दाखवायच्या नसतात. माझं बघ, मी दाखवली, दोनदा नापास झालो. उद्या शेवटचा दिवस. उद्या एकच कर. ते म्हणतील त्याला हो म्हण. काहीही विचारोत, हो. बोट दाखवतील तिथे सही कर आणि ये."

"बरं दादा. तसंच करीन."

आता त्या गावात एक गोष्ट झाली होती, ती धाकलूला माहीत नव्हती. पावाच्या दुकानातली म्हातारी सकाळी फिरू लागली होती आणि तिचं पोट हलकं झालं होतं. अध्यक्षांच्या बायकोच्या गुलाबांना गाई जे देऊन गेल्या होत्या, त्याने गुलाब कधी नव्हे एवढे फुटले होते. कचेरीत चिठ्ठी मिळालेला तो म्हातारा अध्यक्षांचा मोठा भाऊ निघाला. हे सगळे लोक पाव घ्यायला एकाच दुकानात येत. तिथे त्यांना मालकाकडून कळलं की धाकलूचा परवाना संपतो आहे. त्यांना वाईट वाटलं. त्या देशात एक जुना नियम होता, फारसा वापरात नसलेला. परदेशी माणूस बरीच वर्षं राहिलेला असला, गावातले प्रतिष्ठित लोक त्याच्याबद्दल हमी द्यायला तयार असले आणि कचेरीचा मुख्य साहेब त्याच्या प्रामाणिकपणाचा स्वतः साक्षी असला, तर त्याला परीक्षेशिवाय नागरिक करता येत असे. साक्षी काल दारात उभा होता.

त्या सगळ्यांनी धाकलूचं भलं करायचं ठरवलं.

धाकलू सकाळी कचेरीत पोहोचला तर त्याला खिडकीपाशी थांबवलंच नाही, थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत नेलं. तिथे म्हातारी होती, तिने पाव आणला होता. अध्यक्ष होते. त्यांची बायको गुलाब घेऊन उभी होती. टेबलावर झेंडा होता.

साहेब उभे राहिले. "श्री. गावडे, आपण इथे परवान्यासाठी आलात. पण आम्हाला वाटतं, आपल्याला परवाना लागूच नये. आपल्याला हे मान्य आहे का?"

धाकलूला परवाना हवाच होता. पण शब्द दिला होता.

"हो."

"आपण इथले व्हायला तयार आहात?"

"हो."

"इथले कायदे पाळाल?"

"हो."

"आपल्या आधीच्या देशाचं नागरिकत्व आपल्या मर्जीने सोडत आहात?"

धाकलू जरा थांबला. साहेबांच्या मागे भिंतीवर घड्याळ होतं. ते दुरुस्त केलेलं दिसत होतं. शिमग्याला अजून अवकाश होता, आणि हा माणूस बोट दाखवेल तिथे सही केली की संपलं.

"हो," तो म्हणाला.

साहेबांनी बोट दाखवलं. धाकलूने सही केली. त्यांनी दुसरीकडे दाखवलं, त्याने तिथेही केली. त्याचा जुना पासपोर्ट साहेबांनी मागून घेतला, तो ज्या देशाचा त्या देशाकडे परत पाठवायचा असतो. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारीने त्याचे दोन्ही गाल धरले. अध्यक्षांच्या बायकोने त्याला गुलाब दिले आणि ती म्हणाली की गाईंना कधीही घेऊन या.

"आनंद झाला ना?" साहेबांनी विचारलं.

"हो."

धाकलू खोलीवर आला तेव्हा त्याच्या एका हातात पाव होता आणि एका हातात गुलाब. सोनूदादाने विचारलं, परवाना वाढला का. धाकलू म्हणाला, परवाना नाही वाढला, आता लागत नाही म्हणाले. त्याने कागद दाखवला. सोनूदादाने तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. मग तो खाटेवर बसला. त्याच्या उशाशी नद्यांचं आणि लढायांचं पुस्तक होतं. ते त्याने उचलून दुसरीकडे ठेवलं.

"परीक्षा नाही घेतली?" त्याने विचारलं.

"घेतली. सगळ्याचं उत्तर हो होतं."

सोनूदादाने कागद पुन्हा हातात घेतला. नंतर त्याने समजावून सांगितलं, आणि त्यासाठी त्याने आवाज चढवला नाही. आपल्या देशात दोन ठिकाणचं नागरिकत्व चालत नाही. एक घेतलं की दुसरं जातं. "तू आता तिथला नाहीस. वाडीत जायचं तर पाहुण्यासारखं परवानगी मागून जायचं. आपल्या देशाच्या कचेरीत अर्ज करायचा, ते देतील तेवढे दिवस राहायचं, आणि मुदत संपली की निघायचं."

"आईकडे जायला परवाना?"

"हो."

धाकलूने गुलाब बादलीत ठेवले, तिथे दुसरं काही नव्हतं.

"आता तरी ऐक," सोनूदादा म्हणाला. "डोळे मिटून हो म्हणायचं नसतं रे. मीच चुकीचं सांगितलं. अर्जाची एकेक ओळ वाचून घे. जी गोष्ट तू करणार नाहीस, ती लिहून देऊ नकोस. पटल्याशिवाय सही करू नकोस."

"बरं दादा. पुढच्या वेळी तसंच करीन."

नवा पासपोर्ट हातात आल्यावर धाकलू राजधानीत गेला, आपल्या देशाच्या कचेरीत. खिडकीत वाघुलेबाई म्हणून होत्या, अमरावतीकडच्या. त्यांनी नाव पाहिलं आणि मराठीतच बोलायला लागल्या. धाकलूला फार बरं वाटलं. त्याने पासपोर्ट दिला, फोटो दिला. कुठे राहणार, आईकडे. कशासाठी जाता, आईला भेटायला. बाई भराभर लिहीत होत्या. दुसऱ्या कोणाला एवढा वेळ दिला नव्हता, असं रांगेतले लोक म्हणाले.

"आता शेवटची ओळ," बाई म्हणाल्या. "मुदत संपण्यापूर्वी मी भारतातून परत जाईन. खाली सही करा."

धाकलूने पेन घेतलं. एकेक अक्षर वाचलं. मग पेन खाली ठेवलं.

"काय झालं?"

"हे मला लिहिता येणार नाही, बाई."

"सही येते ना तुम्हाला?"

"सही येते. पण आईच्या घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "आमच्याकडेही म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण हे म्हणायचं नाहीये, नुसतं लिहायचंय. तुमच्या आईला दिसणार नाही."

"मला दिसेल."

बाईंनी त्याला समजावलं. हा नियम आहे, सगळे लिहितात, कोणाचं काही वाईट होत नाही. धाकलूने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, एक शब्द बदलला तर चालेल का. बाईंना कळलं नाही. त्याने पेन घेऊन 'जाईन' खोडलं आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'येईन'. आणि खाली सही केली.

वाघुलेबाईंनी अर्ज बराच वेळ पाहिला. 'मुदत संपण्यापूर्वी मी भारतातून परत येईन.' मग त्या म्हणाल्या की असा अर्ज त्यांना पुढे पाठवता येत नाही, छापलेली ओळ खोडता येत नाही. त्यांनी तो बाजूला ठेवला, खणातून दुसरा कोरा अर्ज काढला आणि स्वतःच्या हाताने पुन्हा सगळा भरून दिला. घरी न्या, म्हणाल्या, शांतपणे बसा, सही करा आणि पाठवून द्या. मी लगेच करून देते.

"येतो," धाकलू म्हणाला.

"या," बाई म्हणाल्या. पूर्ण शहरात 'येतो' ऐकून दार धरून उभ्या न राहिलेल्या त्या एकट्याच.

शिमगा झाला. भागू टेकाडावरून फोन करते. म्हशीची धार आता ती काढते. कुत्रं भुंकलं की आई अजून दाराकडे बघते, असं सांगते. सोनूदादाने एकदा धाकलूला म्हटलं, अरे, मी करू का तुझी सही, कोणाला कळणार आहे. धाकलू म्हणाला, नको दादा, तुम्हीच सांगितलंत, जे करणार नाही ते लिहून द्यायचं नाही. सोनूदादा बॉयलरकडे निघून गेला.

अर्ज खोलीतल्या फळीवर आहे. नाव, गाव, आईचं नाव, सगळं भरलेलं आहे. फोटो चिकटवलेला आहे. शेवटच्या ओळीखालची सही राहिली आहे.